काढा उत्तम, माहितीपत्रक टाकाऊ : महाद्वार रोडजवळच्या एका काष्ठौषधी दुकानाचा अनुभव

कोल्हापुरातील महाद्वार रोडवरून आत वळणाऱ्या गल्ल्यांमध्ये काष्ठौषधी, पूजासाहित्य आणि सुका मसाला एकाच ठिकाणी विकणारी जुनी दुकाने अजून टिकून आहेत. या पावसाळ्यात फ्लू आमच्या घरात शिरला आणि एकामागून एक सगळ्यांनी अंथरूण धरले, तेव्हा त्यांपैकी एका दुकानातून काढ्याची भरड, अडुळशाचे चाटण आणि कापूर-ओव्याच्या पुरचुंड्या आणल्या. दुकानाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे ज्या छापील माहितीपत्रकाविषयी तक्रार केली आहे, तशी पत्रके थोड्याफार फरकाने इतर दुकानांतही हातात पडतात.

आधी मालाविषयी. भरडीत सुंठ, मिरी, दालचिनी, लवंग, वाळवलेली तुळस, गवती चहा आणि ज्येष्ठमध असून ती गिऱ्हाइकासमोर वजन करून दिली जाते. पिठासारखी बारीक दळलेली नसल्यामुळे काढा सहज गाळला जातो आणि तळाशी गाळ उरत नाही. सुंठ जुनी नव्हती, हे पुडी उघडताच वासावरून कळले. दोन कप पाण्यात एक चमचा भरड घालून पाणी निम्मे होईपर्यंत उकळावे आणि वरून गूळ घालावा, एवढीच कृती आहे; कोल्हापुरात राहून या कामासाठी साखर वापरण्याचे कारण नाही. काढा तिखट लागतो, लहान मुले तोंड वाकडे करतात, पण घसा धरलेला असताना आणि अंगात कणकण असताना त्याने खरोखर बरे वाटते. या बरे वाटण्यातला बराच वाटा गरमपणाचा असावा. ब्रिटनमधील कार्डिफ येथे २००८ साली झालेल्या एका अभ्यासात सर्दी झालेल्यांना फळांच्या रसाचे तेच पेय गरम आणि साधे अशा दोन प्रकारे दिले होते. गरम पेयाने घशाचे दुखणे, खोकला, शिंका, हुडहुडी आणि थकवा यांत लगेच आराम वाटला, मात्र नाकातून जाणारी हवा मोजून पाहिल्यावर तिच्यात फरक आढळला नाही. आमच्या शेजारी या कामासाठी काढ्याऐवजी पांढरा रस्सा वाटीने पितात, आणि जेवण जात नसताना पाणी, मीठ व थोडे अन्न एकदम पोटात जावे, या दृष्टीने त्यांचे चुकते असे म्हणवत नाही.

आता माहितीपत्रकाविषयी. पिवळ्या कागदावर मोठ्या अक्षरांत ‘फ्लू ३ दिवसांत मुळापासून बरा’ असे छापले आहे. फ्लूचा ताप निरोगी माणसात बहुधा ३ ते ४ दिवसांत आपोआप उतरतो, त्यामुळे त्या काळात जे काही प्याले जाईल, त्याला यशाचे श्रेय मिळणारच. काढा न पिता नुसते गरम पाणी पिणाऱ्याचाही ताप त्याच सुमारास उतरतो, पण त्याच्या नावाने कोणी पत्रक छापत नाही. खोकला आणि अशक्तपणा मात्र दोन आठवडे किंवा त्याहूनही अधिक काळ रेंगाळू शकतो, आणि त्याविषयी पत्रकात चकार शब्द नाही. याच पत्रकात सर्दी-पडसे आणि फ्लू यांना एकच आजार मानले आहे. साधे पडसे हळूहळू नाकापासून सुरू होते, तर फ्लू इन्फ्लुएंझा विषाणूमुळे होतो आणि सकाळी कामाला गेलेल्या माणसाला संध्याकाळपर्यंत ताप, अंगदुखी आणि डोकेदुखी यांनी आडवे करतो. ‘प्रतिजैविके घेऊ नयेत’ हे पत्रकातले वाक्य मात्र बरोबर आहे, फक्त त्याचे दिलेले कारण चुकीचे आहे. काढा त्यांची जागा घेतो म्हणून नव्हे, तर ती औषधे जिवाणूंवर चालतात आणि फ्लू विषाणूचा असतो, म्हणून ती निरुपयोगी ठरतात. फ्लूनंतर जिवाणूंमुळे न्यूमोनिया झाला तर त्यांची गरज पडते, पण तो निर्णय डॉक्टरांचा आहे.

अडुळशाचे चाटण ही या दुकानातली सर्वांत चांगली वस्तू. अडुळशातील व्हॅसिसिन या घटकावरून रसायनशास्त्रज्ञांनी ब्रोमहेक्सिन तयार केले आणि त्याच्याच पुढचे रूप म्हणजे ॲम्ब्रॉक्सॉल. कफ पातळ करणाऱ्या ज्या बाटल्या औषधाच्या दुकानात मिळतात, त्यांतील अनेकींमध्ये यांपैकी एक असते. अर्थात घरगुती चाटणात तो घटक किती उतरतो हे मोजलेले नसते, त्यामुळे दोन्हींना सारखे मानता येणार नाही. चाटणातला मध मात्र स्वतःच्या बळावर उपयोगी आहे. मुलांच्या खोकल्यावरील अभ्यासांचा कोक्रेन या संस्थेने २०१८ साली जो आढावा घेतला, त्यात काहीही न देण्यापेक्षा मध दिल्याने खोकला बहुधा कमी होतो, असा निष्कर्ष आहे. पण एक वर्षाखालील बाळाला मध कदापि चाटवू नये, कारण त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. चाटणाच्या डबीवर याची सूचना नाही, उलट तिच्यावर रांगत्या बाळाचे चित्र आहे. या दुकानाविषयी माझी सर्वांत मोठी तक्रार हीच आहे.

गल्ल्यावर बसणाऱ्या काकांविषयी मात्र चांगलेच लिहावे लागेल. माझ्यासमोर एका आजींनी काढ्याची मोठी पुडी मागितली, तेव्हा त्यांनी आधी विचारले, “आजी, रक्तदाबाची गोळी चालू आहे काय?” होकार मिळताच ज्येष्ठमध वगळून वेगळी भरड बांधून दिली. ज्येष्ठमध नियमित आणि जास्त घेतल्यास रक्तदाब वाढतो व रक्तातील पोटॅशियम घटते, त्यामुळे ही चौकशी अगदी योग्य होती. गुळवेलीच्या बाबतीत अशी चौकशी होताना दिसली नाही. कोरोनाच्या काळात गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ साली नोंदवले आणि आयुष मंत्रालयाने ते नाकारले. हा वाद चालू असताना तरी यकृताचा त्रास असलेल्यांनी ती स्वतःच्या मनाने घेऊ नये.

कापूर-ओव्याच्या पुरचुंड्या मी पुन्हा घेणार नाही. कापराच्या वासाने नाकात गारवा जाणवतो आणि नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, परंतु नाकाच्या आतली सूज त्याने उतरत नाही. मोठ्या माणसाला तेवढ्या भासानेही झोप लागत असेल तर हरकत नाही. पण काका या पुरचुंड्या लहान मुलांच्या गळ्यात बांधायला सांगतात, ते मला मान्य नाही, कारण कापूर पोटात गेल्यास मुलांना झटके येऊ शकतात. वाफाऱ्याचेही तसेच आहे. वाफेने विषाणू मरत नाही, आणि गरम पाण्याचे पातेले कलंडून मुले भाजतात. मुलांसाठी मिठाच्या पाण्याचे थेंब नाकात घालणे पुरेसे आहे, आणि मोठ्यांनी कोमट मिठाच्या पाण्याने गुळण्या कराव्यात.

या दुकानात उभे राहिले की गिऱ्हाइकांकडून सल्ले फुकट मिळतात. ताप असताना घोंगडीत गुंडाळून घाम काढावा, आंघोळ अजिबात करू नये, सुई टोचून घेतल्याशिवाय ताप हटत नाही, आणि फ्लूच्या लसीनेच फ्लू होतो, असे चारही सल्ले एकाच खेपेत कानावर पडले. घाम काढल्याने विषाणू बाहेर पडत नाही, शरीरातले पाणी मात्र कमी होते. कोमट पाण्याने अंग पुसायला किंवा आंघोळ करायला हरकत नाही. तापासाठी योग्य मात्रेतील पॅरासिटामॉल तोंडाने घेतले तरी पुरते, मात्र फ्लू झालेल्या मुलांना ॲस्पिरिन देऊ नये. टोचून दिल्या जाणाऱ्या फ्लूच्या लसीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिच्याने फ्लू होणे शक्य नाही. दंड दुखतो किंवा एखादा दिवस अंग कोमट राहते, एवढेच. ती परिणाम दाखवायला सुमारे दोन आठवडे घेते, म्हणून आपल्याकडे मिरगाचा पाऊस सुरू होण्यापूर्वी घेतलेली बरी.

पासष्टी ओलांडलेली माणसे, गर्भवती, दमेकरी, मधुमेही आणि अगदी लहान मुले यांनी काढ्यावर दिवस काढू नयेत. फ्लूच्या विषाणूवरील ओसेल्टामिव्हिर हे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू केल्यास सर्वांत उपयोगी पडते आणि ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळते. धाप लागणे, छातीत दुखणे, बरळणे, ओठ निळसर पडणे किंवा उतरलेला ताप पुन्हा चढणे, यांपैकी काहीही दिसले तर या गल्लीत न वळता सरळ सीपीआर (कोल्हापूरचे छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय) किंवा जवळचे रुग्णालय गाठावे.

भरड आणि चाटण यांच्यासाठी या दुकानाला मी पाचपैकी चार गुण देईन. पत्रकाचे गुण वेगळे द्यायचे तर शून्य. भाव रास्त आहेत आणि अर्ध्या पावाचीही पुडी बिनतक्रार बांधून मिळते. कागदी पुडी पावसाळ्यात दोन दिवसांत सादळते, त्यामुळे घरून घट्ट झाकणाचा डबा न्यावा, काका त्यातच भरून देतात. घरात तान्हे बाळ असेल तर चाटण घेताना बिनमधाचे मागावे. ते काचेच्या कपाटात मागच्या रांगेत असते आणि विचारल्याशिवाय पुढे येत नाही.