दीड तास सांगितला होता

आम्ही लंडनजवळ स्लाऊला राहतो. सासूबाई पुण्याहून आल्या होत्या, म्हणून शेंगेन व्हिसाचे सोपस्कार उरकून ऑक्टोबरात चार दिवस स्पेनमधल्या बेनाल्मादेनाला गेलो. मालागाच्या विमानतळावरून लोकलने जेमतेम अर्धा तास. खाली समुद्रकाठी हॉटेलं आणि बोटींचा धक्का, वर डोंगरउतारावर जुनं गाव: पांढरी घरं, अरुंद गल्ल्या. आईंना तिथला स्तूप बघायचा होता. ३३ मीटर उंच, २००३ साली पुरा झालेला. ज्यांच्या कल्पनेतून तो उभा राहिला ते भूतानचे बौद्ध गुरू लोपोन त्सेचू रिनपोछे तो पुरा व्हायच्या काही महिने आधीच गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर जाणाऱ्या बसची वाट बघत होतो. एक गोड मुलगा आला, बोलणं अस्सल इंग्लंडचं. त्याने तिघांना तीन स्क्रॅच कार्डं दिली. माझ्यात टी-शर्ट निघाला. नवऱ्याच्या कार्डावर पहिलं बक्षीस! मुलगा आमच्यापेक्षा जास्त नाचला. म्हणाला, अख्ख्या आठवड्यातलं हे पहिलंच, मलाही यावर बोनस मिळेल, फक्त तुम्ही दोघांनी जोडीने येऊन ते घ्यायला हवं. टॅक्सी आमची, दीड तासाचं काम.

पुण्यात मॉलमध्ये ‘लकी ड्रॉमध्ये तुमचा नंबर लागलाय, जोडीने या’ म्हणणाऱ्यांना मी वर्षानुवर्षं हात जोडत आले आहे. इथे मात्र ओळखलं नाही. समोर निळा समुद्र असला की अक्कल पाण्यात जाते की काय, देव जाणे. आई तेवढ्या म्हणाल्या, “अगं, कुणी उगाच कशाला देईल?” त्यांनी आपलं कार्ड न खरवडताच पर्समध्ये टाकलं. (घरी आल्यावर खरवडलं. त्यातही पहिलंच बक्षीस.)

टॅक्सीने उतारावरच्या एका रिसॉर्टवर सोडलं. नाश्ता, कॉफी, मग सजवलेला फ्लॅट. मग प्रश्न: वर्षाला सुट्टीवर किती खर्च करता? आम्ही खरं सांगितलं आणि तोच आकडा वीस वर्षांनी गुणून आमच्या तोंडावर फेकण्यात आला. त्यांच्या सुट्टी-योजनेचं सभासदत्व १८,९०० युरोंचं. नाही म्हटलं की नवा माणूस यायचा, आणखी वरच्या हुद्द्याचा, आणि किंमत उतरायची. शेवटी ७,४०० वर आली, पण ‘फक्त आज’. जोडीने का बोलावतात ते तेव्हा कळलं: ‘घरी विचारून सांगते’ म्हणायची सोयच राहत नाही. परतीची टॅक्सी मागितली तर ‘येतेय’. दीड तासाचे पाच तास झाले. आई कोपऱ्यातल्या सोफ्यावर पेंगत होत्या.

लोक म्हणतील, हाव नडली. हाव होतीच थोडी. पण सही केली ती भिडेपोटी. तो माणूस मुलांचे फोटो दाखवत होता, आईंना उशी आणून देत होता, त्याला तोंडावर नाही कसं म्हणायचं? भीड ही भिकेची बहीण, हे लहानपणापासून ऐकत आले होते. १,५०० युरो डिपॉझिट भरलं. क्रेडिट कार्ड पुढे केलं तर म्हणाला, मशीन ते घेत नाही, डेबिट द्या. इंग्लंडच्या कायद्यात १०० पौंडांवरच्या क्रेडिट कार्डाच्या खरेदीला बँकही जबाबदार धरता येते, डेबिटला तसं नाही. त्याला ते ठाऊक होतं, मला नव्हतं.

रात्री हॉटेलात करार वाचला. सगळं तोंडी आश्वासन हवेत. कागदावर फक्त ‘उपलब्धतेनुसार’. स्पेनच्या २०१२ च्या कायद्याप्रमाणे टाइमशेअर (सुट्टीचं घर दरवर्षी ठरावीक दिवसांपुरतं वापरायचा हक्क विकत घेणं) आणि अशा दीर्घ मुदतीच्या सुट्टी-योजनांचा करार १४ दिवसांत कारण न देता रद्द करता येतो, आणि त्या १४ दिवसांत आगाऊ पैसे घेणंच बेकायदा आहे, विक्रेत्याने घेतले काय किंवा तिसऱ्या कुणी घेतले काय. पाचव्या दिवशी रजिस्टर्ड पत्र आणि ईमेल दोन्ही पाठवलं. उत्तर आलं: करार रद्द, पण १,५०० युरो ‘नोंदणीसाठी’ दुसऱ्याच कंपनीने घेतलेत, ते मिळणार नाहीत. पावतीवर खरोखर वेगळं नाव होतं. आम्ही ती पाहिलीच नव्हती. बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डाने भरलेले पैसे परत वळवून, मागितलाय, स्पेनमध्ये ग्राहक तक्रारही केली आहे.

तुमच्यापैकी कुणी त्या किनाऱ्यावर जाणार असेल तर कार्ड हातात घेऊच नका. आणि घेतलंच, गेलातच, तर पासपोर्ट आणि बँकेची कार्डं हॉटेलात ठेवून जा. सही झालीच असेल तर दिवस मोजा.

त्या दिवशी रिसॉर्टवरून सुटून स्तूपापाशी पोहोचलो तेव्हा दार बंद झालं होतं. आईंनी बाहेरूनच हात जोडले, खालचा समुद्र बघत पायरीवर बसून राहिल्या. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत.

मागच्या मंगळवारी एक फोन आला. तुमचे बुडालेले पैसे वसूल करून देतो, आधी ३०० पौंड फी भरा. मी विचारलं, कसले पैसे? त्याने माझा करार क्रमांक घडाघडा म्हणून दाखवला.