डीव्हीआर घ्यावा का एनव्हीआर? सोसायटीसाठी ठरवत असाल तर

सोसायटीत 8-10 कॅमेरे एकत्र बघायचे, रेकॉर्ड करायचे म्हटलं की हमखास दोन कोटेशन येतात, एक डीव्हीआरचं (कोअॅक्स केबलवरच्या अॅनालॉग कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर), एक एनव्हीआरचं (लॅन केबलवरच्या आयपी म्हणजे नेटवर्क कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर), आणि दुसऱ्याचा आकडा बघून कमिटीतले काका लगेच भुवया उंचावतात. मेगापिक्सेल वगैरे ब्रोशरमध्ये मिळेल. आमच्याकडे आधी डीव्हीआर होता, आता एनव्हीआर आहे, त्यावरून सांगतो.

डीव्हीआरला नावं ठेवणार नाही. 3+1 केबल (चित्राची कोअॅक्स आणि पॉवरच्या तारा एकत्र) ओढली, बीएनसी कनेक्टर लावला, चित्र आलं. आयपी अॅड्रेसची भानगड नाही आणि बिघडलं तर जवळपासचा कुठलाही कॅमेरावाला येऊन बघतो. लाईव्ह पण लगेच दिसतं, एनव्हीआरवर माणूस किंचित उशिरा दिसतो. शिवाय कंपाऊंड मोठं असेल तर कोअॅक्सवर चित्र लांब जातं, लॅन केबलचा हिशोब 100 मीटरचा.

पण माझं डोकं फिरवलं ते मागच्या गेटच्या कॅमेऱ्याने. दिवसभर मस्त चालायचा, अंधार पडला की बंद-चालू बंद-चालू, आणि इकडे ऑफिसात डीव्हीआर व्हिडिओ लॉस म्हणून बोंबलत बसायचा. भानगड अशी की एसएमपीएस म्हणजे कॅमेऱ्यांच्या पॉवर सप्लायमधून 12 व्होल्ट निघतात, लांबच्या बारीक तारेत कमी होत जातात, आणि रात्री आयआर, म्हणजे अंधारात बघायचा इन्फ्रारेड लाईट, लागला की कॅमेरा जास्त करंट ओढतो म्हणून व्होल्टेज अजून पडतं. ज्या वेळेसाठी कॅमेरा बसवला नेमका तेव्हाच आंधळा! कॅमेऱ्याजवळ अडॅप्टर लावा म्हणतात, पण मग लाईट गेली की तो पण गेला, इन्व्हर्टर तर ऑफिसात.

एनव्हीआरसोबत पीओईवर, म्हणजे लॅन केबलमधूनच पॉवर देण्यावर, आल्यापासून हे दुखणं गेलं. सगळ्या लॅन केबल जिथे जोडतात तो स्विच 48 व्होल्टच्या आसपास पाठवतो, कॅमेरा त्यातून हवं तेवढं करून घेतो, वाटेत थोडं कमी झालं तरी त्याला फरक पडत नाही, आणि स्विच-एनव्हीआर दोन्ही एकाच यूपीएसवर. आता हेही खरं की स्विच उडाला तर त्यावरचे सगळेच कॅमेरे जातात, आणि दुसऱ्या कंपनीचा कॅमेरा ऑनव्हिफने (वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं जोडायची सामाईक पद्धत) जोडला तर चित्र येतं पण मोशन अलर्ट येईलच असं नाही.

हार्ड डिस्कचं गणित दोन्हीकडे तेच. 2 एमबीपीएस बिटरेटला (कॅमेरा सेकंदाला पाठवतो तो डेटा) एक कॅमेरा दिवसाला 21-22 जीबी खातो, म्हणजे 8 कॅमेऱ्यांना 2 टीबी जेमतेम 11 दिवस.

जुनी कोअॅक्स धड असेल तर उगाच उखडू नका, एक्सव्हीआर (डीव्हीआरचाच सुधारित प्रकार) घ्या, बऱ्याच मॉडेलमध्ये जुन्या कॅमेऱ्यांसोबत एखाद-दोन आयपी कॅमेरे पण बसतात. पण वायरिंगच नवीन टाकणार असाल तर, माझं आपलं मत, वरचे पैसे घालून एनव्हीआरच घ्या. फक्त कॅट6 लॅन केबलच्या नावाखाली अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली सीसीए केबल माथी मारतात, ती पीओईला नको. एक तार ब्लेडने खरवडून बघा, आतून पांढरी निघाली तर अख्खं बंडल परत पाठवा.