नडगी दुखतेय: पळणं बंद की कमी करून चालू?

पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत 50 पैकी 20 गुण एकट्या 1600 मीटरचे. त्यामुळे जाहिरात निघाली की परभणी-हिंगोलीकडं पहाटे पाचलाच बायपासवर पोरं दिसायला लागतात. तीन-चार आठवड्यांत कुणी ना कुणी नडगी चोळत बसलेला असतो. त्याला सल्ले दोनच मिळतात. घरचे म्हणतात, महिनाभर पळायचं नाव काढू नको. सोबतचे म्हणतात, पळून पळूनच मोकळं होतं.

कुणाचं ऐकायचं ते अंगठ्यानं ठरवा. नडगीच्या आतल्या कडेवरून घोट्याकडून वर दाबत जा. दुखणं चार-सहा बोटं लांब पसरलेलं असेल आणि अंग गरम झाल्यावर कमी होत असेल, तर बहुतेक शिन स्प्लिंट, म्हणजे पळण्याच्या ताणानं नडगीच्या कडेला येणारं, हाडाला चीर नसलेलं दुखणं. नाण्याएवढ्या एकाच जागी कळ येत असेल, रात्री ठणकत असेल, त्या पायावर लंगडी घालवत नसेल, तर हाडाला चीर असण्याची शंका धरा आणि हाडाच्या डॉक्टरांकडं जा.

चीर असेल तर निवडायला काही उरतच नाही. पळणं पूर्ण बंद, साधारण सहा ते आठ आठवडे. जागा अवघड असेल तर जास्तच. ताण पडला की हाड आधी जुना भाग खरवडून काढतं, नवा भरायला त्याला वेळ लागतो. मधल्या दिवसांत ते कच्चं असतं, आणि नेमकं तेव्हाच आपण फेऱ्या वाढवतो. पोरं ऑलिम्पिकमध्ये धावलेल्या अविनाश साबळेचं नाव घेतात. पण आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा तो पोरगा लहानपणापासून पायीच शाळा गाठायचा. त्याच्या हाडांना वर्षं मिळाली होती, आपण चार आठवडे देतो.

एक्स-रे स्वच्छ आला म्हणून हुरळू नका. पहिले दोन-तीन आठवडे चीर त्यात बहुधा दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसते. माझाही स्वच्छ आला होता. एका दवाखान्यात वेदनेचं इंजेक्शन घेतलं आणि दुसऱ्या दिवशी 1600 चा टायमिंग लावला. त्या वर्षीची भरती तिथंच संपली.

शिन स्प्लिंटला मात्र महिनाभर बसून राहणं मला पटत नाही. दुखणं जातं, पण पोटरी ढिली पडते, आणि परतल्यावर पहिल्याच दिवशी जुनंच अंतर पळालं की पुन्हा तेच. त्यापेक्षा अंतर निम्मं करा, दिवसाआड पळा, मधल्या दिवशी सायकल मारा. विहिरीला पाणी असेल तर पोहा, उन्हाळ्यात ते नशिबावर. दुखणं दहापैकी तीनच्या वर जाऊ द्यायचं नाही, आणि दुसऱ्या सकाळी ते उरलेलं नको. उरलं तर आणखी कमी करा. गुडघा किंचित वाकवून टाचा उचलायच्या, 15 चे तीन सेट. पावलं थोडी आखूड आणि भरभर टाका, नडगीवरचा दणका कमी होतो. बर्फानं बरं वाटतं, तेवढंच.

डांबरी सोडून काळ्या रानात पळा, असं सांगणारे भेटतील. मऊ असतं खरं, पण उन्हाळ्यात भेगांमध्ये घोटा मुरगळतो. पायवाट किंवा मुरमाचा रस्ता बरा. आणि नुसत्या चहावर पळू नका. पोट रिकामं ठेवून वाढवलेला सराव हाडाच्या अंगावर येतो.

चाचणी तीन आठवड्यांवर असेल तर? पसरलेलं दुखणं असेल तर वरच्यासारखं सांभाळून मैदानात उतरता येतं. एका जागेची कळ असेल तर मी उतरणार नाही. माझ्या डाव्या नडगीवर आजही अंगठा फिरवला की हरभऱ्याएवढा उंचवटा लागतो.