भगिनी कंपनीकडे वळवलेली मालमत्ता परत आणताना: दिवाणी दावा की दिवाळखोरी संहिता?

कर्जदार कंपनीने आपली जमीन त्याच संचालकांच्या दुसऱ्या कंपनीला नाममात्र किमतीत विकली आणि वसुलीच्या वेळी मागे काहीच उरले नाही, तर धनकोपुढे मुख्यतः दोन मार्ग असतात: मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 53 खालील दिवाणी दावा, किंवा नादारी व दिवाळखोरी संहिता, 2016.

कलम 53 फक्त स्थावर मालमत्तेला लागू होते आणि त्यात धनकोंना डावलण्याचा किंवा रखडवण्याचा हेतू सिद्ध करावा लागतो. हेतूची कबुली कोणी देत नाही, म्हणून खरेदीखत बारकाईने वाचावे. किंमत रेडी रेकनरच्या किती खाली आहे, रक्कम खरोखर बँकेतून आली की ‘पूर्वीच्या येण्यात वळती केली’ एवढेच लिहिले आहे, आणि विक्रीनंतरही ताबा जुन्याच कंपनीकडे आहे का, यांवरच बहुतेक दावे उभे राहतात. मोबदला देऊन प्रामाणिकपणे खरेदी करणाऱ्याला कायद्याचे संरक्षण असल्यामुळे मालमत्ता तिसऱ्याच्या हाती जाण्यापूर्वी मनाई हुकूम मिळवणे अत्यावश्यक ठरते. मुंबईत तर प्रलंबित दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवल्याशिवाय त्या दाव्याचे बंधन नंतरच्या खरेदीदारावर येत नाही. ही नोंदणी राहून जाणे फार महागात पडते.

संहितेचे बळ वेगळ्या ठिकाणी आहे. कलम 43 खालील पक्षपाती व्यवहारात, म्हणजे एखाद्या धनकोला इतरांपेक्षा झुकते माप देणाऱ्या व्यवहारात, हेतू सिद्ध करावा लागत नाही, आणि संबंधित पक्षाशी झालेले व्यवहार दिवाळखोरी प्रक्रिया सुरू होण्यापूर्वीच्या दोन वर्षांपर्यंत तपासता येतात. इतरांसाठी ही मुदत एकच वर्ष आहे. जेपी इन्फ्राटेकने आपली जमीन मूळ कंपनी जयप्रकाश असोसिएट्सच्या कर्जांपोटी गहाण ठेवली होती. सर्वोच्च न्यायालयाने 26 फेब्रुवारी 2020 रोजी ही गहाणखते पक्षपाती ठरवली आणि सातशेहून अधिक एकर जमीन बोजामुक्त झाली. जुने गहाण सोडवून नव्याने केलेले गहाणखतही न्यायालयाने नवा व्यवहारच मानले, हा माझ्या मते त्या निकालातील सर्वांत उपयुक्त भाग आहे. व्यवहार दोन वर्षांपेक्षा जुना असेल, तर धनकोंना फसवण्यासाठी केलेल्या कमी मोलाच्या व्यवहारांचे कलम 49 आणि कपटी कारभाराचे कलम 66 उरते, मात्र तेथे हेतूचा पुरावा पुन्हा लागतो.

तरीही लहान पुरवठादाराने संहितेकडे सावधपणे पाहावे. अर्जासाठी किमान एक कोटी रुपयांची थकबाकी लागते, आणि देण्याबद्दल आधीपासून खरा वाद असेल तर व्यापारी धनकोचा अर्ज टिकत नाही. पक्षपाती व्यवहाराविरुद्धचा अर्ज निराकरण व्यावसायिक (दिवाळखोरी प्रक्रिया चालवण्यासाठी नेमलेली व्यक्ती) करतो, धनको नव्हे. परत आलेली मालमत्ताही सामाईक ठेव्यात जाते, आणि कंपनी अवसायनात (मालमत्ता विकून बंद करण्याच्या प्रक्रियेत) गेली तर वाटपात तारणधारक बँका व कामगार पुढे, पुरवठादार बराच मागे असतो. अर्थात कलम 53 चा दावाही सर्व धनकोंच्या वतीने वा हितासाठीच करावा लागतो, त्यामुळे तो केवळ आपल्यासाठी आहे असे समजू नये.

म्हणून व्यवहार जुना, मालमत्ता जमीन आणि थकबाकी मर्यादित असेल, तर मी दिवाणी दावाच सुचवेन. मात्र फसवणूक कळल्यापासूनची तीन वर्षांची मुदत पाळलीच पाहिजे. व्यवहार अलीकडचा, रक्कम मोठी आणि यंत्रे किंवा शेअर्सही वळवलेले असतील, तर संहिता अधिक परिणामकारक आहे. बँकेने आधीच प्रक्रिया सुरू केली असेल, तर स्थगितीमुळे कर्जदार कंपनीविरुद्धचा दावा थांबतो. अशा वेळी आपली मागणी मुदतीत दाखल करावी, खरेदीखताची प्रत निराकरण व्यावसायिकाला लेखी द्यावी, आणि कमी मोलाचा व्यवहार त्याने मांडलाच नाही, तर कलम 47 खाली स्वतः राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा.