गावच्या व्होल्टेजात टिकणारा एलईडी बल्ब, दोन वर्षं वापरून सांगतो

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात अन् घर डीपीपासून, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरपासून, पार शेवटच्या टोकाला. हरभरा-गव्हाच्या ओलिताच्या दिवसात सगळ्यांच्या मोटरा सुरू झाल्या की व्होल्टेज बसते आणि मोटरा बंद झाल्या की एकदम वर चढते, त्या झटक्यातच बल्ब जातात.

बाजाराच्या दिवशी विनाकंपनीचे सहा बल्ब स्वस्तात आणले होते, चार महिन्यात पाच गेले. एकाची पांढरी टोपी काढून पाहिली तर आत बारा ठिपके म्हणजे बारीक एलईडी, त्यातल्या एकावर बारीक काळा डाग. ठिपके एकामागे एक जोडलेले असतात म्हणून एक जळला की बाकीचे चांगले असूनही अंधार. सरकारची स्वस्त एलईडी बल्बांची उजाला योजना 2015 मध्ये आली, आम्ही जरा उशिरा घेतले त्यातले 9 वॅटचे, एक अजून देवघरात सुरू आहे.

मग दोन वर्षांपूर्वी तालुक्यावरून खोका वाचून आठ बल्ब घेतले. खोक्यावर 100 ते 300 व्होल्ट लिहिलेलं पाहिजे आणि 4 केव्ही (किलोव्होल्ट) सर्ज प्रोटेक्शन, म्हणजे व्होल्टेजच्या झटक्यापासून बचाव, आपल्याकडे हेच सगळ्यात महत्त्वाचं, वॅट नंतर पाहा. वीजबचतीचं स्टारचं लेबल पाहा, उजेड लुमेनमध्ये पाहा, 9 वॅटमध्ये 900च्या आसपास असला की जुन्या 60 वॅटच्या पिवळ्या बल्बाला भारी पडतो. हिशोब सोपा आहे, रोज पाच तास जाळला तर 60 वॅटवाला महिन्याला 9 युनिट खाते आणि हा दीड युनिटही नाही.

व्होल्टेज बसलं की जुन्या बल्बाची नुसती लाल तार दिसायची, माय रॉकेलची चिमणी लावून सयपाक करायची. आता मोटरा चालू असल्या तरी उजेड तेवढाच, रात्री तुरीच्या डाळीतले खडे निवडता येतात तिला, मले याचंच जास्त समाधान आहे.

सयपाकघरात पांढरा 6500 केल्विनचा घ्या पण अंगणात अन् गुरांच्या कोठ्यात पिवळसर 3000चा लावा. पांढऱ्यावर पावसाळ्यात पाखरं इतकी येतात की ताटात पडतात, पिवळ्यावर बरीच कमी येतात. बंद डोममध्ये मात्र कोणताच लावू नका, गरम होऊन लवकर जातो.

दोन वर्षांची वॉरंटी आहे. घेतानाच बल्बाच्या बुडाशी पेनानं तारीख टाकून बिल डब्यात ठेवा. आठातला एक कोठ्यातला गेला, मुदतीत होता, दुकानदारानं तारीख पाहून लगेच दुसरा दिला.