नावाचा एक रकाना आणि कोलोसियमबाहेरचे अडीच तास : टूर बुकिंग अ‍ॅपचा सात महिन्यांचा अनुभव

परवा अ‍ॅपवाल्यांचा सहावा मेल आला. 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.' निकाली म्हणजे पैसे परत नाहीत, त्यांच्याच अ‍ॅपवर वर्षभरात संपवायचं व्हाउचर. ते मला नकोय, म्हणून आज सगळं लिहायला बसले. अ‍ॅपचं नाव देत नाही, कारण तक्रार अजून सोडलेली नाही. शिवाय ज्या रकान्यामुळे हे घडलं, तो दुसऱ्या दोन अ‍ॅप्सवरही मी तसाच पाहिलाय.

मार्चमध्ये अ‍ॅप घेतलं, सप्टेंबरच्या १२ ते २२ तारखांना इटलीत होतो. मी, नवरा आणि माझे आई-अण्णा. अण्णांची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे आणि ऑक्टोबर छाटणीच्या आत घरी पोचायचं एवढी एकच त्यांची अट होती. अ‍ॅपवरून चार गोष्टी बुक केल्या : रोममध्ये कोलोसियमची गाइडेड टूर, फ्लोरेन्सला उफीझी या चित्रसंग्रहालयाची टूर, सिएनाजवळ पीची (हाताने वळायचा जाड पास्ता) करायला शिकवणारा वर्ग आणि किआंती या सिएना-फ्लोरेन्समधल्या द्राक्षांच्या भागातली वाइन टूर.

आता तो रकाना. बुकिंग करताना प्रवाशांची नावं विचारतात, पण पहिल्या प्रवाशाचं नाव तुमच्या खात्यावरून आपोआप भरलं जातं आणि तिथे बदलता येत नाही. माझं खातं माझ्या मेलवर, मेल कॉलेजपासूनचा, त्यावर आडनाव माहेरचं. पासपोर्टवर सासरचं. आपल्याकडे निम्म्या बायकांचं असंच असतं. १८ ऑक्टोबर २०२३ पासून कोलोसियमची तिकिटं नावानिशी निघतात आणि दारावर ओळखपत्राशी ताडून बघतात, हे मला जुलैत कळलं. त्याच दिवशी मी लिहिलं, उत्तर आलं : 'नोंद घेतली आहे.'

यात मला सगळ्यात जास्त लागलं ते पुढचं. कोलोसियमची अधिकृत तिकिटं भेटीच्या ३० दिवस आधी खुली होतात. मी मार्चमध्ये पैसे भरले तेव्हा आणि जुलैत नाव कळवलं तेव्हाही माझं तिकीट अस्तित्वातच नव्हतं. टूरवाल्यांनी ते ऑगस्टमध्ये काढलं, जुन्याच नावाने. म्हणजे दुरुस्तीला पुरेसा वेळ होता, फक्त माझा निरोप अ‍ॅपच्या पुढे गेला नाही.

दारावरच्या बाईंनी पासपोर्ट बघितला, तिकीट बघितलं आणि मान हलवली. गाइडने पाच मिनिटं इटालियनमध्ये रदबदली केली, मग घड्याळाकडे बघितलं, कारण मागे आमच्या गटातली सोळा माणसं उभी होती. अण्णा म्हणाले, "तू नाही तर आम्ही पण नको." मी त्यांना जवळपास ढकलूनच आत पाठवलं. त्या दिवसाचं तिकीट दुसरीकडे कुठेच शिल्लक नव्हतं.

अडीच तास बाहेर होते. कॉन्स्टंटाइनची कमान इसवी सन ३१५ची, ती नीट पाहिली. मग चालत उत्तरेच्या बाजूला गेले. तिथे बाहेरची भिंत अजून पूर्ण उंचीची आहे आणि कमानींवर रोमन आकडे कोरलेले आहेत, प्रेक्षकाने आपलं दार ओळखावं म्हणून. २३ ते ५४ एवढे आकडे अजून वाचता येतात. मी ते एकेक करून सगळे वाचले. आई बाहेर आली तेव्हा तिने आतल्या कशाबद्दलही सांगितलं नाही, आधी विचारलं, "काही खाल्लंस का?"

माणशी ५९ युरो घेतले होते. अधिकृत साधं तिकीट १८ युरोंना आहे, त्यात शेजारचे प्राचीन अवशेष, म्हणजे फोरम आणि पॅलाटिन टेकडीसुद्धा येते. बाकीचे ४१ युरो गाइड, हेडफोन आणि मधल्यांचं कमिशन. चांगल्या गाइडचे पैसे द्यायला माझी ना नाही, पण अनेकदा साधं तिकीटच मिळत नाही म्हणून लोक टूर घेतात. २०२५मध्ये इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने याच तिकिटांच्या साठेबाजीवरून तिकीटविक्रेत्याला आणि काही टूर कंपन्यांना मिळून जवळपास २ कोटी युरो दंड केला. त्यामुळे ३० दिवस आधी सकाळी अधिकृत साइटवर बसून बघा, जमलं तर गाइड वेगळा घ्या. 'रांग टाळा' असं लिहिलेलं असलं तरी सुरक्षा तपासणीची रांग कोणालाच टळत नाही, तो वेळ धरूनच निघा.

उफीझीची टूर चांगली झाली. गाइड परवानाधारक होती, तीन तासांत पंधराच चित्रं दाखवली, पण बोत्तिचेल्लीच्या 'प्रिमावेरा'समोर वीस मिनिटं उभं केलं. तिला पूर्ण गुण.

इथपर्यंत लिहिलं तेव्हा शेवटी 'अ‍ॅप काढून टाका' असं लिहिलं होतं. आठवडाभर तसंच ठेवलं आणि आता ते वाक्य खोडलंय. कारण पीचीचा वर्ग मला या अ‍ॅपनेच मिळवून दिला. नेमकं सांगायचं तर अ‍ॅपवरच्या एका अभिप्रायाने. मुंबईच्या एका जैन कुटुंबाने तिथे लिहिलं होतं की, या घरी अंडं नसलेला पास्ता शिकवतात आणि चीजबद्दल खरं सांगतात.

आई अंडंही खात नाही. बोलोन्याकडचा ताजा पास्ता म्हणजे शंभर ग्रॅम मैद्याला एक अंडं. सिएनाकडची पीची मात्र मैदा, पाणी, मीठ आणि थोडं ऑलिव्ह तेल, बस. अ‍ॅपवर 'शाकाहारी' अशी खूण केली की मांस-मासे वगळतात, चीजचा विचार त्यात येत नाही. परमिजानो रेज्जानो चीजचं दूध वासराच्या जठरातल्या रेनेटने (दूध गोठवणाऱ्या द्रव्याने) लावतात, पेकोरिनो रोमानोचं कोकराच्या. चालत नसेल तर 'सेंत्सा काल्यो अनिमाले', म्हणजे प्राण्याच्या रेनेटशिवाय, असं स्पष्ट लिहून पाठवा. मी पाठवलं होतं. त्या बाईंनी चीज आमच्या ताटांपासून लांब ठेवलं आणि आईच्या पीचीवर लसूण घालून तेलात कुरकुरीत केलेला पावाचा चुरा घातला. तो तिथला जुना शेतकरी प्रकार आहे, आमच्यासाठी केलेली तडजोड नव्हे.

आईने पाटावर पिठाची पट्टी घेतली आणि तळहाताखाली वळायला लागली. म्हणाली, "अगं, या तर हातशेवया!" आणि इतक्या बारीक वळल्या की बाईंनी तिचा हात धरून थांबवलं. पीची जाडच हवी, टोमॅटो-लसणाचा रस्सा तिला धरून राहायला हवा. आईला ते पटलं. मग तिने उरलेल्या पिठाचा चिमूटभर गोळा घेतला आणि अंगठा-तर्जनीत फिरवून गव्हले पाडायला सुरुवात केली. बाईंनी चष्मा लावला, एक गव्हला तळहातावर घेऊन उजेडाकडे धरला आणि आतून आपल्या सुनेला हाक मारली. पुढचा पाऊण तास आई शिकवत होती. मावशीच्या लग्नात रुखवतासाठी रात्र रात्र बसून केलेले गव्हले, त्यांची कदर अशी सिएनाजवळच्या स्वयंपाकघरात झालेली मी पाहिली. या वर्गाचे पैसे मी दुप्पट दिले असते.

वाइन टूर गटाबरोबर घेतली ते योग्य झालं. गाडी भाड्याने घेतली तर फ्लोरेन्सच्या जुन्या भागात बिनपरवाना शिरल्याचा दंड होतो आणि वाइन चाखून गाडी चालवायचा प्रश्नच नाही. अण्णा घेत नाहीत, तरी त्यांचे पूर्ण पैसे लागले. टूरवाल्यांच्या स्वतःच्या साइटवर वाइन न घेणाऱ्यासाठी ३० युरो कमी दर होता, अ‍ॅपवर तो पर्यायच नव्हता. म्हणून टूर अ‍ॅपवर शोधा, खाली बारीक अक्षरात खऱ्या टूरवाल्याचं नाव असतं, ते घेऊन त्याच्या साइटवर दर बघा.

गाइडने काळ्या कोंबड्याची गोष्ट सांगितली. सिएना आणि फ्लोरेन्सची हद्द ठरवायला कोंबडा आरवला की दोन्हीकडून घोडेस्वार निघायचे होते, जिथे भेटतील तिथे हद्द. फ्लोरेन्सवाल्यांनी आपला काळा कोंबडा उपाशी ठेवला, तो पहाटेच्या आधीच आरवला, त्यांचा स्वार लांब पोचला आणि बहुतेक किआंती त्यांना मिळाली. तोच कोंबडा आज किआंती क्लासिको या तिथल्या वाइनच्या बाटलीवर असतो. अण्णांचं लक्ष मात्र वेलींवर होतं. हेक्टरी साडेसात टनांपेक्षा जास्त द्राक्षं या वाइनला चालत नाहीत, असं गाइड म्हणाली. अण्णांनी लगेच हिशोब केला. "एकरी तीन टन? आणि जास्तीचे घड?" जास्तीचे घड हिरवे असतानाच कापून टाकतात, हे ऐकून ते बराच वेळ बोलले नाहीत. मग एवढंच म्हणाले, "आपल्याला तिप्पट काढून कर्ज फिटत नाही."

तोडणी नुकतीच सुरू झाली होती. ओळीच्या टोकाला एक माणूस मणी चिरडून रिफ्रॅक्टोमीटरमध्ये, म्हणजे रसातली साखर मोजायच्या नळीत, बघत होता. अण्णा सरळ त्याच्याकडे गेले आणि हात पुढे केला. दोघांना समान असा एकच शब्द, ब्रिक्स, त्या साखरेचं माप. अण्णांनी डोळा लावला आणि बोटांनी २३ दाखवले. तो माणूस हसला, त्याने अण्णांना वेलीखालून गालेस्त्रो, म्हणजे हातात भुगा होणारा तिथला दगड, उचलून दिला. चाखण्याच्या खोलीत आम्ही तिघं सांजोव्हेजे या तिथल्या द्राक्षाच्या वाइनचा तुरटपणा समजून घेत होतो तेव्हा अण्णा बाहेर ट्रॅक्टरजवळ होते. त्यांना आत बोलवावंसं मला वाटलं नाही.

तर वर्ग आणि वाइन टूर पाच तारे, उफीझी पाच, अ‍ॅपला दोन. तो रकाना खुला केला तर चार करीन. ५९ युरो म्हणजे आमचे जवळपास सहा हजार रुपये, ते परत मागणारा मेल आज सकाळी पुन्हा पाठवलाय, जुलैतला 'नोंद घेतली आहे' जोडून.

नणंदेच्या घरचे फेब्रुवारीत जाणार आहेत. रविवारी तिचं नवीन खातं उघडलं, पासपोर्ट टेबलावर ठेवून, खालच्या दोन ओळींतली अक्षरं एकेक वाचत.