चष्मा कुठून घ्यावा: मोबाइलवरून, दुकानातून की दोन्हीकडून?

चष्मा कुठून घ्यायचा हे किमतीवरून ठरवू नका, आधी आपला नंबर बघा.

नंबर उणे एक-दीडपर्यंतचा आणि साधा असेल, तर निव्वळ ऑनलाइन मागवायला हरकत नाही. सध्याच्या चष्म्याच्या दांडीवर आतून 52-18-140 असे आकडे असतात: काचेची रुंदी, नाकावरचं अंतर, दांडीची लांबी. त्यांच्या आसपासची फ्रेम बहुतेक वेळा बसते.

नंबर मोठा असेल तर मात्र जपून. काचेचा मध्य डोळ्याच्या बाहुलीसमोर यायला हवा. तो 3 मिलिमीटर सरकला तर उणे 1 नंबराला जेमतेम 0.3 प्रिझमचा (काच प्रकाश किती वळवते त्याचं माप) फरक पडतो, उणे 6 ला 1.8 चा. मग डोकं दुखतं आणि दोष नंबर काढणाऱ्याला जातो. प्रोग्रेसिव्हला (एकाच काचेत दूरचा आणि जवळचा नंबर असलेल्या चष्म्याला) तर फ्रेम नाकावर चढवून बाहुलीची उंचीही मोजावी लागते. फोटोवरून घेतलेल्या मापावर प्रोग्रेसिव्हचे पैसे लावू नयेत, असं माझं ठाम मत आहे.

ओळखीच्या दुकानात हे माप नीट मिळतं, शिवाय दांडी सैल झाली की दोन मिनिटांत कसून मिळते. फ्रेम्स मात्र मोजक्याच.

दोन्हीची जोड इथेच उपयोगी पडते. लेन्सकार्ट 2010 मध्ये ऑनलाइन सुरू झालं आणि पुढे दुकानांकडे वळलं. टायटन आयप्लस 2007 पासून दुकानांत होतं, ते वेबसाइटवर आलं. फ्रेम घरी बसून निवडा, दुकानात चेहऱ्यावर लावून बघा, माप तिथेच द्या. काच अनेकदा दूरच्या कारखान्यात बनते, तेव्हा थोडं थांबावं लागतं. पैसे भरण्याआधी एक प्रश्न जरूर विचारा: ऑनलाइन ऑर्डर याच शाखेत बदलून मिळेल का? उत्तर लेखी घ्या. तरी अडलंच, तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे ग्राहक आयोगाकडेही आपण राहतो तिथूनच दाद मागता येते.

जवळची शाखा तास-दीड तासावर असेल, तर या जोडीचा फारसा उपयोग नाही. तिथे प्रोग्रेसिव्ह गावातल्या दुकानातूनच करा आणि माप चिठ्ठीवर लिहून घ्या. नुसत्या वाचनाचा जादा चष्मा त्याच चिठ्ठीवरून ऑनलाइन मागवता येईल.